तेहाचापीचा डेल आणि देवगडचा वारा

माझ्या सत्तरीला लेकीने मला जी भेट दिली, ती मला नको होती.

मुक्ता न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहते. सप्टेंबरात मी तिच्याकडे गेलो होतो. वाढदिवसाला तिने आयसेलिनच्या भारतीय दुकानातून चक्का आणून श्रीखंड केलं, आणि जेवण झाल्यावर माझ्यापुढे एक पाकीट ठेवलं. आत लॉस एंजेलिसची दोन तिकिटं आणि एका ईमेलचा छापील कागद. ईमेल चार ओळींचा होता. ‘आंब्याच्या गावातले मिस्टर डिक्सिट ते हेच का? मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे आणि अजून इथेच आहे. या. डेल.’

“कॅलिफोर्नियातल्या त्या तेहाचापी गावाचे जुने फोटो टाकणारा एक ग्रुप सापडला नेटवर,” मुक्ता सांगत होती. “त्यात यांचं नाव दिसलं. बाबा, तुमचे पेनफ्रेंड! मी त्यांच्या पाकिटांवरची तिकिटं पाण्यात भिजवून काढायचे, आठवतं?”

मला सगळंच आठवत होतं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी देवगडला पवनचक्क्यांवर इंजिनियर होतो. समुद्रावर आलेल्या कड्यावर आमच्या चक्क्या उभ्या होत्या. वाऱ्यापासून वीज करून ती सरळ वीज मंडळाच्या तारांत सोडायची, ही गोष्ट तेव्हा आपल्या देशात इतकी नवी होती, की लोक येऊन विचारायचे, “पाणी कुठे चढवता?” यंत्रं परदेशी, पुस्तकं परदेशी, आणि अडचणी मात्र देवगडच्या. ही चक्की तारांमधल्या विजेच्या आधाराने फिरत असते. तारांतली वीज गेली की तिच्यावरचं ओझं एकदम उतरतं आणि पाती सुसाट सुटतात. मग ब्रेकने ती थांबवायची. ज्यांनी यंत्र केलं, त्यांच्याकडे वीज महिनोन् महिने जात नाही. आमचा फीडर दिवसातून चार वेळा ट्रिप व्हायचा, म्हणजे वीज जायची. वर्षभरात ब्रेक झिजून गेले.

मी कारखान्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, पण तिथल्या कुणीतरी भल्या माणसाने माझं पत्र कॅलिफोर्नियात तीच यंत्रं सांभाळणाऱ्या एका मेकॅनिककडे पाठवलं. त्याचं तीन पानी उत्तर आलं, सोबत पेन्सिलने काढलेली ब्रेकची आकृती. तो डेल. पुढे अडीच वर्षं आमची पत्रं चालली. मग थांबली. का थांबली, ते मुक्ताला माहीत नव्हतं.

“तुम्ही खूश नाही झालात?” तिने विचारलं.

“झालो की.”

“मग चेहरा असा का?”

“इतक्या लांब परत विमान म्हणजे…”

“बाबा, मी सगळं बुक केलंय. आता कॅन्सल होणार नाही.”

व्हरमाँट

कॅलिफोर्नियाआधी एक शनिवार-रविवार मोकळा होता. मी म्हटलं, मला व्हरमाँटला एक डोंगर बघायचाय. खरं सांगायचं तर मी वेळ काढत होतो, पण डोंगर बघायचा होता हेही खोटं नव्हतं.

कॅसलटन नावाच्या गावाजवळ ‘ग्रँडपाज नॉब’ म्हणून गोल माथ्याची टेकडी आहे. आपल्याकडे आजोबांची टेकडी म्हटलं असतं. १९४१ साली तिच्यावर दोन पोलादी पात्यांची एक अवाढव्य पवनचक्की उभी केली होती. घरापुरती वीज देणाऱ्या छोट्या चक्क्या त्याआधी अमेरिकेतल्या शेतांवर पुष्कळ होत्या, पण एवढ्या मोठ्या यंत्राने गावोगावच्या तारांमध्ये वीज ओतायची, हे तिथे पहिल्यांदा घडलं. मग युद्ध आलं. एक मोठं बेअरिंग गेलं आणि नवं मिळायला फार काळ गेला. ते बसवून यंत्र पुन्हा चालू झालं, आणि थोड्याच दिवसांत, १९४५च्या मार्चमध्ये, एक पातं मुळापासून तुटून डोंगरउतारावर भिरकावलं गेलं. त्या वेळी मनोऱ्यावर एक माणूस होता. हादऱ्याने तो फेकला गेला, पण उठला, धडपडत नियंत्रणापाशी पोचला आणि त्याने ते एका पात्याचं यंत्र थांबवलं. पुढे तीसेक वर्षं कुणी एवढी मोठी चक्की बांधली नाही.

नोकरीत असताना मी हे कितीतरी वेळा नव्या पोरांना सांगितलं होतं. सांगताना शेवटी म्हणायचो, “वर असलेल्या माणसाला विसरू नका.” आता प्रत्यक्ष त्या डोंगराखाली उभा राहिलो तेव्हा मुक्ताला सगळं सांगितलं, पण ते वाक्य गाळलं.

वर जाणारा रस्ता खाजगी निघाला. झाडं लाल-पिवळी झाली होती, माथ्यावर कसले तरी टॉवर दिसत होते, बस्स. खालच्या वाण्याच्या दुकानात आम्ही कॉफी घेतली. गल्ल्यावरची बाई मेपलच्या पाकाच्या बाटल्या पुसत होती. मी टेकडीकडे बोट दाखवून विचारलं, तर हसली. “वर्षाला एक-दोन जण येतात त्या चक्कीसाठी. सगळे तुमच्यासारखे. टोपी घातलेले, वयस्क, आणि बायको किंवा मुलगी कंटाळलेली.”

“मी कंटाळले नाहीये,” मुक्ता म्हणाली. पण परतीच्या पाच तासांत तिने दोनदा विचारलं, “बाबा, तुमचं पोट ठीक आहे ना? गप्प आहात.”

वाळवंटातून वर

लॉस एंजेलिसहून उत्तरेला निघालं की तासाभरात हिरवं संपतं. मग मोहावीचं वाळवंट. हात वर करून उभ्या असलेल्या माणसांसारखी काटेरी झाडं, सरळसोट रस्ता, आणि क्षितिजावर तपकिरी डोंगर. त्या डोंगरांवर पांढरी कुसळं दिसायला लागली. जवळ गेल्यावर कळलं, ती सगळी पाती आहेत. शेकडो. एकामागे एक ओळी, एका ओळीच्या डोक्यावर दुसरी ओळ. मोठ्या नव्या चक्क्या संथ फिरत होत्या आणि त्यांच्या पायाशी जुन्या छोट्या चक्क्या लगबगीने. त्या छोट्या मी लगेच ओळखल्या. जाळीचा मनोरा, तीन पाती, मागे बोथट डोकं. आमच्या देवगडच्याच.

“थांब,” मी म्हणालो.

मुक्ताने गाडी कडेला घेतली. मी दार उघडलं, आणि तिथे आमची फजिती झाली. वाऱ्याने दार माझ्या हातातून हिसकावलं आणि बिजागरीच्या पलीकडे असं काही वाकवलं, की ते परत बंदच होईना. मुक्ताची टोपी तोवर दरीत पोचली होती. दोघांनी ढकललं, ओढलं, शेवटी तिच्या ओढणीने दार सीटच्या दांड्याला आवळून बांधलं आणि ताशी वीस मैलांनी पुढच्या ट्रकथांब्यावर आलो.

तिथे एक पंजाबी ढाबा होता. खरोखरचा, तंदूरसकट. मालक सरदारजींनी दार बघितलं आणि पराठे भाजता भाजता म्हणाले, “हवा को पीठ दिखाके दरवाज़ा खोला होगा. यहाँ सब नए लोग यही करते हैं.” एका ट्रकवाल्याने पहार आणून दार जागेवर बसवलं. आलू पराठ्यावर लोण्याचा गोळा, बाजूला मुळ्याचं लोणचं. मुक्ता म्हणाली, न्यू जर्सीत असा मिळत नाही. मला चव कळत नव्हती. इथून डेलचं घर पंधरा मिनिटांवर होतं.

टेकडीवर

डेल अंगणात उभा होता. पत्रांमुळे माझ्या मनात आडदांड माणूस होता. हा किरकोळ, वाकलेला, पांढऱ्या मिशांचा. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. “मिस्टर डिक्सिट,” म्हणाला, “तुमचं अक्षर फार सुंदर होतं.” आयसेलिनहून आणलेली आंबापोळी मी त्याला दिली. त्याने लगेच एक तुकडा तोडून तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाला, “म्हणजे याच्याबद्दल तुम्ही लिहायचात.”

त्याची बायको लिंडा म्हणाली, ऊन उतरायच्या आत टेकडीवर जाऊन या, मी जेवण करते. डेलच्या जुन्या पिकअपमध्ये आम्ही तिघं बसलो.

वाटेत तो बोलत होता. आधी तो मोहावीच्या विमानतळावर ग्लायडर दुरुस्त करायचा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला इथे एकदम गर्दी झाली. वीज कंपन्यांनी बाहेरच्यांची वीज विकत घ्यायलाच हवी, असा कायदा आला होता, वर करसवलत होती. डिसेंबरअखेरच्या आत चक्क्या उभ्या राहायला हव्या होत्या, म्हणून ऐन वाऱ्यात, बर्फात मनोरे चढवले जायचे.

“निम्मी यंत्रं कुणी कधी तपासलेलीच नव्हती,” डेल म्हणाला. “पाती वाळवंटात सापडायची. आम्हाला शिकवायला कोण होतं? शाळा नव्हती, पुस्तक नव्हतं. जे मोडलं त्याच्याकडून शिकलो. स्वतःला विंडस्मिथ म्हणायचो. वाऱ्याचे लोहार.”

“आणि वीज मंडळवाले?” मी विचारलं.

“त्यांना वाटायचं, हे खेळणं आहे. आमची पहिली ओळ तारांना जोडली ना, त्या दिवशी सबस्टेशनवरून फोन आला. ‘तुम्ही लोकांनी काय केलंत? मीटरचा काटा हललाय.’” तो हसला. “आम्ही त्या फोनवर महिनाभर जगलो.”

मी म्हटलं, आमच्या सबस्टेशनचा ऑपरेटर रोज फोन करून विचारायचा, ‘आज वारा आहे का? मग तुम्ही सांभाळा, मी चहा पिऊन येतो.’ डेल इतका हसला की त्याने गाडी थांबवली.

माथ्यावर पोचलो. एका बाजूला जुन्या चक्क्यांची एक ओळ उतरवली जात होती. क्रेनच्या आकड्याला एक तीन पात्यांचं फूल लटकत होतं आणि खाली दोन माणसं दोर धरून त्याला सावरत होती. त्यांच्या जागी एकच मोठी येणार होती. वाऱ्याने पिकअप हलत होती, म्हणून आम्ही काचा बंद करून आतच बसलो. आत अचानक शांत झालं.

डेल समोर बघत म्हणाला, “मला आधी एक विचारायचंय. तो माणूस जगला का?”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“ज्याचा हात यंत्रात सापडला,” तो म्हणाला. “माझ्या आकृतीवरून काम करताना. कंपनीकडून मला विचारणा आली होती. भारतात एक कामगार जखमी झालाय, तुम्ही परवानगीशिवाय दुरुस्तीची पद्धत कळवली होती का? मी म्हटलं, हो, कळवली होती. त्यांनी मला पुढे काही सांगितलं नाही. मी तुम्हाला लिहिलं, तुमचं उत्तर नाही. तुम्ही रागावला असणार, हे मी समजू शकतो. फक्त, जगला का?”

मागच्या सीटवरून मुक्ता पुढे वाकली.

“जगला,” मी म्हणालो. “बरा आहे. बोटं गेली. तीन.”

डेलने मान हलवली, दोनदा, तीनदा. मग त्याने गाडी सुरू केली. बोलायची वेळ तीच होती. मी बोललो नाही.

लिंडाचं जेवण

लिंडाने राजम्यासारखी घट्ट, तिखट चिली केली होती, सोबत मक्याचा गोडसर पाव, आणि शेवटी गावच्या सफरचंदांचं सारण भरून भाजलेला ‘पाय’. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करकरून वाढतात. इथे भांडं मध्ये ठेवतात आणि ज्याने त्याने घ्यायचं. पण लिंडा कोल्हापूरची शोभावी अशी होती. माझी वाटी रिकामी झाली की न विचारता भरायची.

डेल कुत्र्याला घेऊन बाहेर गेला तेव्हा ती हळूच म्हणाली, “तुम्ही आलात, फार बरं झालं. तो सगळ्यांना शिकवायचा, माहीत आहे? नवा कुणी आला की आधी डेलकडे. ती बातमी आली आणि त्याने सोडून दिलं. वर चढायचा, स्वतःचं काम करायचा, पण कुणाला शिकवणार नाही म्हणाला. आता आमच्या कॉलेजात पवनचक्क्यांचा कोर्स आहे. दरवर्षी बोलावतात, एक तास येऊन बोला. दरवर्षी नाही म्हणतो. ‘माझ्या सांगण्याने कुणाचा तरी हात गेला’, एवढंच.”

मी बशीतला पुढचा घास घेतला. मी म्हटलं, फार छान झालाय.

मोटेल

खोलीत आल्याबरोबर मुक्ता खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. “कुठला माणूस, बाबा?”

मी तिला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

सदा घाडी माझ्या हाताखाली फिटर होता. त्या दिवशी आम्ही दोघं वर होतो, चक्कीच्या डोक्यातल्या चिंचोळ्या खोलीत. ब्रेकची जीर्ण पट्टी बदलायची होती. डेलच्या आकृतीवर पहिलीच सूचना होती, खाली दोन रेघा मारलेली: आधी मुख्य दांड्यात लोखंडी पिन घाला, नुसत्या ब्रेकवर विसंबू नका. पिन घातली की पाती फिरूच शकत नाहीत. पण पिनचं भोक जुळेना. आम्ही दहा-पंधरा मिनिटं खटपट केली. वारा अगदी पडला होता. खाली साहेबांची गाडी यायची होती, आणि मला चक्की फिरताना दाखवायची होती. मी म्हटलं, “राहू दे, सदा. ब्रेक लागलेला आहे. दोन मिनिटांचं काम.” सदाने माझ्याकडे बघितलं, आणि हात आत घातला. एक झुळूक आली. ब्रेक घसरला.

“आणि रिपोर्ट?” मुक्ताने विचारलं.

“मी लिहिलं, ब्रेक झिजलेला होता. लिहिलं, परदेशी तंत्रज्ञाच्या आकृतीप्रमाणे काम चालू होतं. दोन्ही खरं होतं. पिन घातली नव्हती, हे वाक्य लिहिलं नाही.”

“का?”

“नोकरी गेली असती.”

ती उठून खिडकीशी गेली. “डेलची पत्रं आली होती नंतर?”

“दोन. पहिल्यात विचारलं होतं, ब्रेक धरतोय का? दुसऱ्यात फक्त प्रश्नचिन्ह होतं.”

“त्या पाकिटांवरची तिकिटंही मी काढली असणार,” ती म्हणाली. “बाबा, ते काका आज तुम्हाला विचारत होते. सरळ विचारत होते. आणि तुम्ही म्हणालात, ‘बरा आहे’. यार, पस्तीस वर्षं!”

मुक्ता माझ्यावर चिडते ते औषधं विसरलो म्हणून. असं कधी बोलली नव्हती. मग तिने मला पाण्याचा ग्लास आणून दिला आणि म्हणाली, “फ्लाइट उद्या संध्याकाळची आहे. सकाळी जाऊ.”

सकाळ

डेल मागच्या ओट्यावर कॉफी पीत बसला होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. बसलो असतो तर पुन्हा हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या असत्या, हे मला माहीत होतं. पिनबद्दल सांगितलं, साहेबांच्या गाडीबद्दल सांगितलं, रिपोर्टातल्या दोन वाक्यांबद्दल आणि न लिहिलेल्या तिसऱ्याबद्दल. “तुमची आकृती बरोबर होती,” मी म्हणालो. “तिच्यातली पहिली ओळ मी पाळली नाही. मी पाळू दिली नाही.”

त्याने कप खाली ठेवला. उठला, ओट्याच्या पायऱ्या उतरला आणि कुंपणापर्यंत चालत गेला. तिथे पाठमोरा उभा राहिला. लिंडा दारात आली होती. तिने सगळं ऐकलं असावं, कारण तिच्या चेहऱ्यावर कालचा गोडवा नव्हता. मला ते बरंच वाटलं. कुणीतरी माझ्यावर रागावायला हवं होतं.

डेल परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. वाऱ्यानेही असतील. तो म्हणाला, “मला तुमचा राग आलाय. तो आज जाणार नाही. कदाचित पुढेही जाणार नाही.”

“हो,” मी म्हणालो.

“त्याचं नाव काय?”

“सदा. सदानंद घाडी.”

त्याने ते दोनदा म्हणून बघितलं. मग एकदम विचारलं, “भोक का जुळत नव्हतं?”

“माहीत नाही. चार-पाच वेळा प्रयत्न केला.”

“ते पहिल्यांदा कधीच जुळत नाही,” डेल म्हणाला. “आमच्याकडेही नाही जुळायचं. ब्रेक जरासा सोडायचा, पाती हाताने इंचभर पुढे घ्यायची, परत ब्रेक. मग पिन जाते.” तो थांबला. “हे मी लिहिलं नव्हतं. मला वाटलं, हे कुणाला सांगायला लागतं?”

मी म्हटलं, “म्हणून काही माझा…”

“तुमची चूक तुमचीच आहे,” तो मला तोडत म्हणाला. “मी ती वाटून घेत नाहीये. पण ही ओळ मी लिहायला हवी होती, एवढं मला आज कळलं. इतकी वर्षं मी आकृती आठवत होतो. बोल्ट आठवत होतो, मापं आठवत होतो. कुठे चुकलो, शोधत होतो. या जागी कधी बघितलंच नाही.”

मुक्ता म्हणाली, “बाबा, देवगडला आत्ता रात्रीचे साडेआठ झालेत. सदाकाका जागे असतील?”

सदाचा नंबर माझ्याकडे होता. पंप आणि मोटारी दुरुस्त करायचं त्याचं दुकान आहे, आता मुलगा बघतो. दिवाळीला आम्ही बोलतो. हवापाणी, आंब्याचा मोहोर, एवढंच. व्हिडिओ कॉल लागला. सदा बनियनवर, जेवून उठलेला, चष्मा कपाळावर.

“सायबानू! खंयसून?”

मी सांगितलं कुठून, आणि शेजारी कोण बसलंय तेही सांगितलं. म्हटलं, या माणसाला तुझ्या हाताबद्दल बोलायचंय, पण त्याआधी मला बोलायचंय. “त्या दिवशी घाई मी केली, सदा. पिन घालू दिली नाही मी. कागदावर ते लिहिलं नाही.”

सदाने चष्मा डोळ्यांवर घेतला. “तां माका म्हायत आसा, सायबानू,” तो शांतपणे म्हणाला. “माजोच हात होतो. तुमी कधी बोलतास, हेचीच वाट बघीत होतंय.”

मी ते डेलला इंग्रजीत सांगितलं.

मग डेलने फोन हातात घेतला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, मुक्ता मध्ये. डेलने ब्रेक सोडून पाती पुढे घ्यायची युक्ती सांगितली, हाताने करून दाखवली. सदाने कपाळावर हात मारला आणि हसायला लागला. त्याने आपला उजवा हात कॅमेऱ्यासमोर धरला, अंगठा आणि करंगळी, आणि सांगितलं की याच हाताने तो मोटारीचं वाइंडिंग करतो, आणि मुलापेक्षा बरं करतो. डेलने तो हात पडद्यावर बराच वेळ बघितला. डोळे मिटले नाहीत, मान वळवली नाही. मग म्हणाला, “वाइंडिंग दाखवायला सांगा.” सदाने मुलाला हाक मारून दुकानातली एक मोटार आणायला लावली.

ते दोघं पाऊण तास बोलले. मधेच लिंडाने माझ्यासमोर कॉफी आणून ठेवली. साखर किती, ते तिला आठवत होतं.

निघताना डेलने माझ्याशी हात मिळवला, कालच्यापेक्षा लवकर सोडला. “मी ही गोष्ट कुणाला सांगितली तर चालेल?” त्याने विचारलं. “तुमच्या नावासकट?”

“नावासकट सांगा,” मी म्हणालो.

परतल्यावर

मी मिरजेला घरी परतलो त्याला आता तीन महिने झाले. आलो तसा आधी देवगडला जाऊन आलो. सदाच्या घरी जेवलो. तिथे काय बोलणं झालं, ते आमच्या दोघांत राहू दे. कड्यावर गेलो, वारा होता.

गेल्या आठवड्यात मुक्ताने डेलचा ईमेल पाठवला. तो कॉलेजात जाऊन आला होता. एक तासासाठी बोलावलं होतं, अडीच तास बोलला. व्हरमाँटचं तुटलेलं पातं, डिसेंबरातले मनोरे, सबस्टेशनचा हललेला काटा, सगळं सांगितलं. आणि पिनचं सांगितलं, जुळत नसेल तर काय करायचं तेही, आणि दोन माणसांनी, त्याने आणि मी, काय केलं नाही तेही. शेवटी एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, बोटं गेलेल्या त्या माणसाचं नाव काय होतं?

डेलने लिहिलं आहे, ‘मला सांगता आलं.’